शहरातलं झाड सांभाळायचं तर परत परत जावं लागतं

एका रस्त्याच्या कडेला मी एकदा पक्कड घेऊन तासभर बसलो होतो. झाड तेव्हा सात वर्षांचं होतं. लावताना त्याला काठीचा आधार दिला होता आणि काठी तारेनं खोडाला बांधली होती. काठी केव्हाच कुजून गेली, तार मात्र राहिली. खोड जाड होत गेलं तशी ती आत रुतत गेली, आणि आता तिच्यावरून साल वाढून दोन ओठ मिटावेत तशी मिटली होती. तार काही निघाली नाही. दोन वर्षांनी वादळात झाड नेमकं तिथंच मोडलं. ते मीच लावून घेतलं होतं. पहिल्या वर्षाअखेर एकदा जाऊन तार सोडली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

सव्वीस वर्षं मी शहराची झाडं सांभाळण्याच्या कामात होतो. या वर्षांत मी जितकी झाडं गमावली, त्यांतली बरीचशी वादळानं किंवा किडीनं गेली नाहीत. त्यांच्याकडे परत कुणी गेलंच नाही म्हणून गेली. ज्यांच्यावर हे काम नव्यानं आलं आहे, मग ते उद्यान खात्यात असोत, वसाहतीच्या समितीत असोत किंवा एखाद्या शाळेच्या आवारात, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे.

आधी वही

कुऱ्हाड, करवत, शिडी यांच्या आधी वही घ्या. वही म्हणजे संगणकावरचा तक्ता किंवा मोबाइलवरचा नकाशाही चालेल, पण प्रत्येक झाडाला क्रमांक हवा आणि स्वतःची ओळ हवी. त्या ओळीत काय लिहायचं? झाडाचं नाव, नेमकी जागा, जमिनीपासून १.३ मीटरवर मोजलेला खोडाचा घेर, अंदाजे उंची, वर तारा आहेत का, बुंध्याभोवती किती माती उघडी आहे, आणि झाडाखाली कोण वावरतं. हा शेवटचा तपशील बहुतेक जण गाळतात. शाळेच्या फाटकावरची वाळकी फांदी आणि मोकळ्या माळावरची वाळकी फांदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मनुष्यबळ कमी असताना आधी कुठं जायचं ते याच रकान्यावरून ठरतं.

पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचा रकाना एकच: 'पुन्हा कधी'. पाहणी करून परतताना तो कोरा राहू देऊ नका. तीन महिने, एक वर्ष, तीन वर्षं, काहीही लिहा, पण तारीख लिहा.

घेर दर दोन-तीन वर्षांनी त्याच उंचीवर पुन्हा मोजा. झाड हिरवंगार दिसत असतं आणि घेर मात्र जागच्या जागी असतो, असं झालं की समजा जमिनीखाली काहीतरी अडलं आहे. पानं सांगायच्या आधी फीत सांगते. क्रमांकाचे पत्रे खिळ्यांनी ठोकू नका. रंगानं लिहा किंवा नकाशावर जागा नोंदवा.

नागरिकांनाही या वहीत जागा द्या. मेलबर्न शहरानं २०१३ मध्ये आपल्या झाडांना क्रमांक आणि ईमेल पत्ते दिले. हेतू साधा होता: फांदी मोडली, झाड कललं तर लोकांनी कळवावं. लोकांनी मात्र झाडांना चक्क प्रेमपत्रं लिहिली. मला त्या बातमीतलं व्यवस्थापन अधिक आवडलं. ज्या झाडाला पत्ता आहे, त्याच्याकडे माणसांचं लक्ष राहतं.

एकाच जातीच्या मोहात पडू नका

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची, एका उंचीची रांग दिसायला सुंदर असते. अमेरिकेतल्या असंख्य गावांनी अशाच एल्मच्या कमानी उभ्या केल्या होत्या. विसाव्या शतकात सालीखालच्या भुंगेऱ्यांनी पसरणारा एक बुरशीचा रोग आला आणि रस्तेच्या रस्ते बोडके झाले. त्या जागी अनेक शहरांनी काय लावलं? ॲश. पुन्हा एकाच झाडाच्या रांगा. २००२ मध्ये मिशिगनमध्ये आशियातून आलेला हिरवा चमकदार भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या ॲशच्या सालीखाली बोगदे काढतात आणि खोडातला अन्नपाण्याचा मार्ग तोडतात. त्यानंतर कोट्यवधी ॲश मेले. एकच चूक, तेच रस्ते, दोनदा.

अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये एक सोपं प्रमाण सुचवलं होतं: शहराच्या एकूण झाडांत एका जातीची १० टक्क्यांहून अधिक नकोत, एका प्रजातीसमूहाची २० टक्क्यांहून अधिक नकोत आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून अधिक नकोत. मधला आकडा नीट समजून घ्या. वड, पिंपळ आणि उंबर ही आपल्याला तीन वेगळी झाडं वाटतात, पण वनस्पतिशास्त्रात ती एकाच समूहातली भावंडं आहेत. तिन्ही लावून 'विविधता साधली' म्हणाल तर ती अर्धीच साधलेली असते. वहीतली नावं मोजा, टक्के काढा, आणि मगच रोपवाटिकेत जा. तिथं जे स्वस्त आणि मुबलक असतं तेच नेमकं शहरात आधीच जास्त झालेलं असतं.

जागा बघूनच झाड निवडायचं, हे सगळे म्हणतात आणि वरच्या तारा विसरतात. तारांखाली कधीच उंच वाढणारं झाड लावू नका. ते झाड आयुष्यभर मुंडण सोसणार आणि तुमची माणसं आयुष्यभर तिथं राबणार.

लावण्याचा दिवस आणि पुढची तीन वर्षं

खड्डा खोल खणण्याची सवय सोडा. रुंद खणा. मातीच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, आणि खोली गोळ्याएवढीच. खोल खड्ड्यात भुसभुशीत माती खचते आणि रोप खाली बसतं. खोड जिथं रुंदावून मुळांत शिरतं तो पसारा जमिनीच्या वर दिसायला हवा. गाडलेला बुंधा कुजतो, आणि कधी कधी मुळं खोडाभोवती फास टाकतात. तो फास पंधरा वर्षांनी आवळतो आणि तोवर कारण कुणाच्याच लक्षात नसतं. खोड जमिनीत खांबासारखं सरळ शिरताना दिसलं तर बोटांनी माती उकरून पाहा, पसारा खाली गाडलेला सापडेल.

पिशवीतून रोप काढल्यावर मुळं गोल गोल फिरलेली असतील तर ती मोकळी करा, न सुटणारी कापा. जीव होत नाही, मलाही होत नसे. पण गोल फिरलेलं मूळ जमिनीत गेल्यावर आपोआप सरळ होत नाही.

आधाराची काठी रोप स्वतः उभं राहत नसेल तरच द्या. बांधायची ती खोडाच्या खालच्या भागात, रुंद कापडी किंवा रबरी पट्टीनं, सैल. वाऱ्यात खोड थोडं हललंच पाहिजे, हलण्यानंच ते जाड होतं आणि मुळं घट्ट होतात. वर्षभरानं पट्टी सोडा. ही तारीख लावण्याच्या दिवशीच वहीत टाका. लोखंडी जाळीचंही तेच. जिनं ढोरांपासून वाचवलं तीच जाळी काढली नाही तर खोडात शिरते.

पाणी रोज थोडं थोडं देऊ नका. त्यानं वरची दोन बोटं माती भिजते आणि मुळं वरच राहतात. क्वचित पण भरपूर द्या, म्हणजे ओल खाली उतरते आणि तिच्यामागे मुळंही उतरतात. आमचा एक माळी बादलीच्या बुडाला बारीक भोक पाडायचा, ती आळ्यात ठेवायचा आणि पुढच्या रोपाकडे जायचा. परत येईपर्यंत बादली रिकामी, आणि एक थेंबही रस्त्यावर नाही. यापेक्षा चांगली पद्धत मी पाहिली नाही. पाणी हवं की नको हे ओळखायला वीतभर खोल माती उकरून हात लावा. वरून कोरडी दिसणारी माती आत ओली असू शकते.

आळ्यात पालापाचोळ्याचं पाच ते दहा सेंटिमीटरचं आच्छादन घाला आणि खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा. खोडाला टेकवून ढीग रचला तर साल सतत ओली राहते. पालापाचोळा झाडून नेऊन जाळणारी शहरं आपल्याच झाडांचं अन्न जाळतात, आणि मग खताची मागणी नोंदवतात.

तीन वर्षं. यातली पहिली दोन बहुतेकांना जमतात. तिसऱ्या वर्षी पाण्याची गाडी दुसऱ्या नव्या रोपांकडे वळते, आणि नेमकी तेव्हा झाडं जातात.

जमिनीखालचं झाड

सगळ्यांत मोठा गैरसमज हा, की झाड वर जेवढं तेवढंच खाली खोल असतं. मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या साठ सेंटिमीटरमध्ये असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पुष्कळ बाहेर पसरलेली असतात. कारण मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो, आणि तो खाली मिळत नाही. म्हणजे आपण जिथं फूटपाथ करतो, गाड्या लावतो, केबलचे चर खणतो, तिथंच झाड जगत असतं.

एका जुन्या, डेरेदार झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं गेलं होतं. मी पाहिलं, तक्रार नोंदवली, आणि दुसऱ्या कामाला लागलो. झाड त्या वर्षी फुललं, पुढच्या वर्षीही फुललं. तिसऱ्या वर्षी शेंड्याच्या फांद्या वाळल्या, आणि लोक विचारू लागले की अचानक काय झालं. अचानक काहीच झालं नव्हतं. मुळांचा जाच वर दिसायला वर्षं लागतात, आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. मी त्या झाडाचा पाठपुरावा केला नाही, ही गोष्ट मला आजही लागून आहे.

म्हणून हे करा. बुंध्याभोवती सगळ्या बाजूंनी किमान एक मीटर माती उघडी ठेवा, जागा असेल तिथं अधिक. आधीच काँक्रीट असेल तर छिन्नी-हातोड्यानं, हातानं काढा. बुंध्याजवळ ड्रिलचं यंत्र चालवू दिलं की त्याच्यासोबत मुळांची सालही जाते. खालची दाबलेली माती काट्यानं हलकेच सैल करा, कंपोस्ट पसरा, आच्छादन घाला, पाणी द्या. मग सहा महिन्यांनी परत जाऊन पाहा, कुणी पुन्हा पेव्हर ब्लॉक बसवले तर नाहीत ना.

चर खणायचा असेल तर आधी झाडाची हद्द आखा. खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ, असा हिशेब ब्रिटनमध्ये बांधकामांसाठी वापरला जातो. जागेवर व्यास काढत बसायला नको म्हणून मी दोरी वापरायचो. खोडाला दोरीचा एक वेढा घ्यायचा, तेवढ्या लांबीच्या चार पट दोरी मापायची आणि तिनं जमिनीवर चुन्यानं वर्तुळ काढायचं. घेर १२६ सेंटिमीटर असेल तर त्रिज्या साधारण पाच मीटर येते. मजुराला, मुकादमाला, ठेकेदाराला चुन्याची रेघ समजते. पत्र समजत नाही. या रेघेच्या आत जेसीबी नको, सिमेंटच्या गोण्या नकोत, गाडी नको. पाइप न्यायचाच असेल तर हातानं खणून मुळांच्या खालून न्या. अंगठ्याहून जाड मूळ सापडलं की थांबा आणि ओल्या गोणपाटानं झाका.

एका बाजूची जाड मुळं तुटली तर झाड दुसऱ्या बाजूला कलंडण्याची भीती असते, कारण वाऱ्यात ताण धरून ठेवणारी दोरीच कापली गेलेली असते. असा चर खणला गेल्याचं कळलं तर त्या झाडाची पाहणी त्याच आठवड्यात करा, आणि पुढची काही वर्षं वादळांच्या मोसमाआधी दरवेळी.

नवे रस्ते आखताना तर याहून चांगले मार्ग आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात खडी आणि माती यांचं एक मिश्रण तयार झालं. खडी एकमेकींवर टेकून फूटपाथचं वजन पेलते आणि तिच्या फटींतल्या मातीत मुळं वाढतात. त्यामुळे फूटपाथ उचलला जात नाही आणि झाडही उपाशी राहत नाही. रस्त्याचा नकाशा तयार होत असतानाच झाडवाल्या माणसानं त्या खोलीत असायला हवं. डांबर पडल्यावर बोलावणं येतं, तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं.

छाटणी

ॲलेक्स शायगो हे अमेरिकेच्या वन खात्यात होते. त्यांनी यांत्रिक करवतीनं झाडं उभी चिरून आतली कूज पाहिली आणि १९७७ मध्ये जे मांडलं त्यानं छाटणीची रीत बदलली. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती आत भिंती उभारतं, कूज कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. जखम आत कायमची राहते. त्यामुळे प्रत्येक काप हा झाडाच्या आयुष्यभराचा असतो.

फांदी खोडातून निघते तिथं बारीकसा फुगवटा असतो आणि वरच्या बाजूला सालीची सुरकुतलेली वळी. भिंत उभारण्याची ताकद या फुगवट्यात आहे. काप त्याच्या अगदी बाहेरून घ्या. फुगवटा कापून खोडाशी सपाट केलं तर कूज खोडात उतरते, आणि लांब खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो. जड फांदी तीन कापांत उतरवा. पहिला काप खोडापासून हातभर लांब, खालून, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी इथं सुटते, पण साल खोडापर्यंत सोलत जात नाही. तिसऱ्या कापानं उरलेला खुंट फुगवट्याबाहेर काढा. डांबर, रंग, शेण काही लावू नका. त्यानं कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडते.

वर्षभरानं परत जा. कापाभोवती नव्या सालीचं कडं सगळीकडून सारखं गोल आलं असेल तर काप बरोबर होता. फक्त डाव्या-उजव्या बाजूला वाढून डोळ्यासारखा आकार झाला असेल तर फुगवटा कापला गेला. माझ्या माणसांना मी पुस्तकातून नाही, या कड्यांवरून शिकवलं. ज्यानं काप घेतला त्यालाच तिथं उभं करायचं.

शेंडा उडवणं बंद करा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या देखरेखीखाली एका रस्त्यावरची अख्खी रांग वरून सपाट केली गेली होती. तसाच आदेश होता आणि मला वेगळं माहीत नव्हतं. दोन वर्षांत त्या खुंटांतून झाडूसारखी दाट फूट आली आणि लोकांनी समाधान व्यक्त केलं. ही फूट आतल्या लाकडात रुजलेली नसते, सालीलगत चिकटलेली असते, आणि खाली खुंट कुजत असतो. पुढे त्या फांद्या हाताच्या जाडीच्या झाल्या आणि एकेक करून तुटू लागल्या. झाड सुरक्षित करण्यासाठी आम्ही ते धोकादायक करून ठेवलं होतं.

एका वर्षात जिवंत पालवीचा पाव हिस्सा ही वरची मर्यादा धरा. जुन्या झाडांसाठी त्याहूनही कमी, कित्येकदा फक्त वाळकं काढणं पुरे. आतल्या सगळ्या फांद्या साफ करून टोकाला झुपका ठेवण्याची पद्धतही वाईट आहे, वाऱ्याचा सगळा भार टोकाशी जातो. खरी किफायतशीर छाटणी झाड लहान असताना होते. दोन सारख्या जाडीची जुळी खोडं निघाली आणि बेचक्यात साल दबलेली दिसली तर त्यातलं एक आत्ताच कापा. तेव्हा कात्री पुरते. वीस वर्षांनी तेच बेचकं वादळात उभं फाटतं.

कापण्याआधी घरटी पाहा, आणि अंडी-पिल्लं असतील तर काम पुढे ढकला. तारांजवळच्या फांदीला वीज खात्याची माणसं असल्याशिवाय हात लावू नका, दोरानंसुद्धा.

धोका ओळखताना

सोबत लाकडी मोगरी, लोखंडी सळई आणि दुर्बीण असावी. आधी लांबून झाडाभोवती पूर्ण फेरी मारा. शेंडा विरळ आहे का? कल जुना आहे की नवा? जुना कललेला वृक्ष वर जाऊन पुन्हा सरळ वळलेला असतो, नवा कल काठीसारखा सरळ असतो. नव्या कलासोबत एका बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली दिसली तर लगेच लोक हटवा आणि रस्ता अडवा. वहीत नंतर लिहा.

मग बुंध्याशी. मोगरीनं ठोकत खोडाभोवती जा, पोकळ जागी आवाज बदलतो. बुंध्यावर लाकडासारखी टणक अळंबी उगवली असेल तर आत कूज बरीच पुढे गेली आहे असं समजा. सळई सहज किती आत जाते ते मोजा.

मात्र ढोली दिसली म्हणून झाड तोडू नका. जर्मनीतल्या क्लाउस माटेक यांनी मोडलेली आणि उभी अशी पुष्कळ झाडं तपासून एक ठोकताळा दिला: निरोगी लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाड असेल तर पोकळ झाडही उभं राहतं. नळी पोकळ असूनही मजबूत असते तसंच. हा ठोकताळा आहे, निकाल नव्हे. भेग असेल, ढोलीचं तोंड मोठं असेल तर हिशेब बदलतो, आणि तेव्हा उपकरणं असलेल्या तज्ज्ञाला बोलवा. पण ढोलीत घुबड राहतं, पोपट राहतात. नुसत्या भीतीपोटी ते घर मोडू नये.

झाड धोकादायक वाटलं तर तोडण्याआधी बाकीचे पर्याय संपवा. वाळकी फांदी काढणं, जड फांदीचं टोक हलकं करणं, खालचा बाक, थांबा किंवा गाड्यांची जागा हलवणं. बाक हलवायला दोन माणसं आणि एक सकाळ लागते. तेवढं मोठं झाड पुन्हा उभं राहायला दोन पिढ्या लागतात.

तोडावंच लागलं तर

तोडण्याचा नियम आणि परवानगी जिथली तिथं असते, ती घ्या, आणि झाडावर कारण लिहिलेला फलक आठवडाभर आधी लावा. लोकांना न सांगता तोडलेलं एक झाड पुढच्या दहा वर्षांचा विश्वास घेऊन जातं. तोडल्यावर काप तपासा. कूज कुठून शिरली, कोणत्या जुन्या छाटणीपासून, कोणत्या खिळ्यापासून, कोणत्या तुटलेल्या मुळापासून, ते लाकडात स्पष्ट दिसतं. फोटो काढा.

वहीतली त्या झाडाची ओळ खोडू नका. तिच्यापुढे तारीख आणि कारण लिहा. खुंट काढून माती मोकळी करा, त्या जागी दुसऱ्या जातीचं रोप लावा, त्याला नवा क्रमांक द्या, आणि 'पुन्हा कधी' या रकान्यात पुढच्या आठवड्याची तारीख टाका.